पुढे चालणाऱ्याचे काम

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले की मोर्चांचा मोसम सुरू होतो. अंगणवाडी सेविका येतात, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक येतात, कोतवाल, हलबा, धनगर, कंत्राटी कामगार, धानाला बोनस मागणारे शेतकरी येतात. यशवंत स्टेडियमपाशी जमायचे, घोषणा देत बर्डीतून पुढे सरकायचे आणि सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनापर्यंत पोहोचण्याआधीच टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर पोलिसांच्या कठड्यांपाशी थांबायचे, हे ठरून गेलेले आहे. मोर्चा थांबला की मागच्यांना काही दिसत नाही. पुढे काय बोलणे चालले आहे, निवेदन घ्यायला कोण येणार, बसायचे की परतायचे, हे सगळे पुढे चालणाऱ्या दोन-चार माणसांच्या तोंडाकडे पाहून ठरते. मागची माणसे तुमसर, आरमोरी, पुसद, अहेरीहून रात्रीच्या एसटीने आलेली असतात. दिवसाची मजुरी बुडवून आलेली असतात. ती कोणाच्या शब्दावर आली आणि त्या शब्दाची किंमत नंतर कोणी मोजली, हा या पुस्तकाचा विषय आहे.

नेतृत्वावरची पुस्तके आता दुकानात ढिगाने मिळतात. त्यांत सभेत कसे बोलावे, माणसे कशी जोडावीत, वेळ कसा पाळावा हे सांगितलेले असते. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. पण नागपूरच्या रस्त्यावर गेल्या शंभर वर्षांत जे घडले, त्याच्याइतके शिक्षण मला दुसरीकडे कुठे मिळाले नाही. म्हणून ही प्रस्तावना १९२३ पासून सुरू करतो.

१३ एप्रिल १९२३ हा जालियनवाला बागेतल्या हत्याकांडाचा स्मृतिदिन होता. त्या दिवशी चरख्याचे चित्र असलेला पांढरा-हिरवा-लाल झेंडा घेऊन एक मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे निघाली. तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले होते. पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि स्वयंसेवकांना मारले. त्याआधी जबलपुरातही याच झेंड्यावरून सरकारशी खटका उडाला होता. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी. काँग्रेसने ठरवले की झेंडा घेऊन सार्वजनिक रस्त्याने जाणे हा आमचा हक्क आहे आणि तो आम्ही रोज बजावणार. १ मेपासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. प्रमुख होते वर्ध्याचे जमनालाल बजाज.

तो काळ किती पडता होता हे लक्षात घेतल्याशिवाय या निर्णयाचे मोल कळत नाही. चौरीचौऱ्याच्या हिंसाचारानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी असहकाराची चळवळ थांबवली. मार्चमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्यात गेले. डिसेंबरात गयेच्या अधिवेशनात काँग्रेस कायदेमंडळांत शिरण्याच्या प्रश्नावरून फुटली. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी स्वराज्य पक्ष काढला. कार्यकर्ते घरी बसले होते. मोठे काही करण्याची ताकद कोणातच उरली नव्हती. अशा वेळी दहा-वीस माणसांनी झेंडा हातात घ्यायचा, बंदी असलेल्या रस्त्याने चालायचे, अटक करून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या तुकडीने तेच करायचे, असा एक लहानसा, सरळ, कोणालाही समजेल असा कार्यक्रम जमनालालजींनी हाती घेतला. लोक थकलेले असताना त्यांना पेलेल एवढेच मागणे, ही जाण पुढाऱ्यात क्वचित असते. बहुतेकांना स्वतःला शोभेल एवढे मोठे काहीतरी हवे असते.

जमनालालजी तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. जन्म राजस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यातला, लहानपणी वर्ध्याच्या बच्छराज बजाजांच्या घराण्यात दत्तक आलेले, कापसाचे व्यापारी. ते वकील नव्हते आणि वक्ते म्हणूनही त्यांची ख्याती नव्हती. नागपूरच्या राजकारणात टिळकांच्या परंपरेतले दिग्गज होते. त्यांच्यापुढे हा तरुण मारवाडी व्यापारी नेता म्हणून उभा राहिला आणि लोकांनी त्याला मानले. हे पैशामुळे झाले असे वाटणे साहजिक आहे. पण पैसा नागपुरात इतरांकडेही होता.

मला वाटते, लोकांनी त्यांचा आधीचा हिशेब पाहिला होता. जमनालालजी सतरा वर्षांचे असताना त्यांचे दत्तक आजोबा रागाच्या भरात संपत्तीवरून बोलले, तेव्हा या मुलाने त्यांना पत्र लिहून सगळ्या संपत्तीवरचा हक्क सोडला आणि घर सोडून निघाला होता. पुढे आजोबांनीच त्याला परत आणले. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. असहकारात वकिली सोडणाऱ्यांची घरे चालावीत म्हणून त्यांनी एक लाख रुपये दिले. इतरांना पोटावर पाय द्यायला सांगण्याआधी त्यांच्या पोटाची सोय लावली, हा मुद्दा मला त्या रकमेहून मोठा वाटतो. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली. एवढे सगळे आधी झाले होते, आणि मगच ते लोकांना तुरुंगात चला म्हणाले.

जूनच्या मध्यात त्यांना अटक झाली आणि जुलैत अठरा महिन्यांची शिक्षा व तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरायला अर्थातच नकार होता. सरकारने वसुलीसाठी त्यांची मोटार जप्त केली आणि लिलाव पुकारला. नागपुरात बोली लावायला एक माणूस पुढे आला नाही. १९२३ साली मोटार ही केवढी चैनीची वस्तू होती, स्वस्तात मिळत असताना ती घ्यायला किती जणांचे मन झाले असेल, याचा विचार करा. शहरातल्या धनिकांत सगळेच काही काँग्रेसवाले नव्हते. सरकारी कंत्राटांवर जगणारेही होते. तरीही ती गाडी विकायला शेवटी काठेवाडात न्यावी लागली. सभेतल्या टाळ्या आणि गळ्यातले हार मी आदराचा पुरावा मानत नाही. फायदा समोर पडलेला असताना तो उचलण्याची लाज वाटावी, एवढी जरब कोणाच्या चारित्र्याची बसली असेल, तर तिथे आदर आहे असे समजावे.

वर्ध्याच्या आश्रमाची व्यवस्था पाहणारे विनोबा भावेही याच सत्याग्रहात पकडले गेले. त्यांच्यावर कलम लावले ते १०९, म्हणजे ज्याला उपजीविकेचे दिसते साधन नाही अशा भटक्या, संशयित माणसासाठी असलेले. त्यामुळे वागणूकही साध्या गुन्हेगाराची. आधी नागपूरच्या आणि मग अकोल्याच्या तुरुंगात ते खडी फोडत होते. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान तेव्हा अवघ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या. नागपुरात अटक करून घेणाऱ्या पहिल्या स्त्री सत्याग्रही म्हणून त्यांची नोंद आहे. गुजरात, बिहार, कर्नाटक, तामिळनाडू, देशाच्या सगळ्या बाजूंनी तुकड्या येत गेल्या आणि तुरुंगात गेलेल्यांचा आकडा हजाराच्या पुढे सरकला. नागपूर स्टेशनावर उतरणाऱ्या त्या मुलांतले बहुतेक जण या शहरात पहिल्यांदाच येत होते आणि त्यांना इथली भाषाही येत नव्हती.

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. झेंडा सत्याग्रहाच्या गौरवपर लेखांत ती सहसा गाळली जाते. तुरुंगातले हाल सोसले नाहीत म्हणून अनेक स्वयंसेवकांनी सरकारला लेखी माफी लिहून दिली आणि ते सुटले. मला ही मुले भित्री वाटत नाहीत. उत्साहाच्या भरात ती गाडीत बसली, पण तुरुंगात नेमके काय असते, जेवण कसे असते, कोठडीत पहिली रात्र कशी जाते, कोणी समोर कागद धरला तर काय म्हणायचे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हुबळी सेवा मंडळाचे स्वयंसेवक मात्र माफी न मागता टिकले, कारण त्यांची आधी तयारी झालेली होती. तो फरक त्या वेळच्या पुढाऱ्यांनी पाहिला आणि नुसता पाहून सोडून दिला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात काकीनाड्याच्या अधिवेशनात हर्डीकरांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांच्या शिस्तबद्ध दलाची स्थापना झाली. तेच पुढचे सेवादल. मोडून पडलेल्या माणसाला दोष देण्याऐवजी त्याला आपण न शिकवता पुढे पाठवले हे मान्य करणे, आणि मग शिकवण्याची व्यवस्था उभी करणे, हे मला जबाबदारीचे सर्वांत कठीण रूप वाटते. यात कोणी फोटो काढत नाही.

जमनालालजी आत गेल्यावर काम थांबले नाही, हेही त्यांच्या नेतृत्वाच्या बाजूने पडते. जुलैच्या उत्तरार्धात वल्लभभाई पटेल नागपूरला आले आणि सूत्रे त्यांनी घेतली. बारडोलीचा सत्याग्रह अजून पाच वर्षे दूर होता. त्यांना कोणी सरदार म्हणत नव्हते. बिहारहून राजेंद्रप्रसाद आले. वल्लभभाईंचे थोरले बंधू विठ्ठलभाईही मदतीला होते. वल्लभभाईंनी तुकड्यांचा ओघ चालू ठेवला आणि दुसरीकडे सरकारशी बोलणी केली. १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून विनाअडथळा गेली. सत्याग्रह संपल्याचे वल्लभभाईंनी जाहीर केले आणि कैदी सुटू लागले. सप्टेंबरच्या सुरुवातीला जमनालालजीही बाहेर आले.

पण शेवट इतका गोड नव्हता. इंग्रजी वर्तमानपत्रांनी गवगवा केला की सत्याग्रह्यांनी परवानगी मागितली आणि सरकारने ती दिली, म्हणजे हार काँग्रेसची झाली. आपल्यातलेही काही जण विचारू लागले की सरकारशी बंद दाराआड काय ठरले. वल्लभभाईंनी निवेदन काढून परवानगी मागितल्याचा आरोप फेटाळला आणि समेटाची जबाबदारी कोणावर ढकलली नाही. आंदोलन सुरू करणाऱ्याची वाहवा होते, थांबवणाऱ्याच्या वाट्याला संशय येतो. तरीही केव्हा थांबायचे हे कोणीतरी ठरवावेच लागते. नाहीतर पुढाऱ्याचा मान राखण्यासाठी मागची पोरे तुरुंगात कुजत राहतात. त्या ऑगस्टात हजारभर घरांची मुले परत जाऊ शकली, कारण एका माणसाने टीका आपल्या अंगावर घेतली. आंदोलन कसे चालवावे याच्या चर्चेत हा भाग आपल्याकडे फार कमी बोलला जातो, आणि गेल्या काही वर्षांतले लांबलेले संप पाहिले की त्याची उणीव मला तीव्रतेने जाणवते.

कामठीच्या बाबू हरदासांवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म १९०४ चा. नागपूर-कामठीच्या वस्त्यांत घरोघरी बिड्या वळल्या जात. ठेकेदार वळलेल्यांतल्या कितीतरी बिड्या खराब ठरवून बाजूला काढत आणि त्यांची मजुरी कापत. हरदासांनी या कामगारांची संघटना बांधली. १९३७ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून गेले. जानेवारी १९३९ मध्ये क्षयाने गेले, तेव्हा त्यांचे वय होते पस्तीस. आज महाराष्ट्रात आणि बाहेर कोट्यवधी माणसे एकमेकांना जय भीम म्हणतात. ते अभिवादन रूढ करण्याचे श्रेय हरदासांना दिले जाते. स्वतःला मानणारी माणसे भोवती असताना त्यांच्या तोंडी दुसऱ्याचे नाव देणारा हा पुढारी होता. कार्यकर्त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

आता १९९४. हे लिहिताना हात जड होतो, पण नागपूरच्या मोर्चांबद्दल बोलायचे आणि २३ नोव्हेंबर १९९४ टाळायचे, हे शक्य नाही.

गोवारी ही पूर्व विदर्भातली गुरे राखणारी जमात. अनुसूचित जमातींच्या यादीत नोंद आहे ती ‘गोंड गोवारी’ अशी. १९८५ च्या शासन निर्णयानंतर गोवारींना जमातीचा दाखला मिळेनासा झाला. आम्ही तेच आहोत, आम्हाला दाखले द्या, एवढी त्यांची मागणी. त्या दिवशी अधिवेशन चालू असताना हजारो गोवारी नागपूरला आले. त्यांत बायका आणि मुले फार मोठ्या संख्येने होती, कारण ही माणसे घर बंद करून कुटुंबासह आली होती. मोर्चा अडवला गेला. निवेदन घ्यायला मंत्री येतील म्हणून ती दिवसभर रस्त्यावर बसून राहिली. संध्याकाळी गर्दीत हालचाल झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, लोक सैरावैरा पळाले आणि कठड्यांमध्ये चेंगरून ११४ माणसे मेली. बहुतेक बायका आणि लहान मुले.

विधानभवन तिथून चालत जाण्याइतके जवळ होते.

आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला, त्याने सरकारला दोषी धरले नाही. सीताबर्डीत स्मारक झाले, उड्डाणपुलाला शहीद गोवारींचे नाव दिले गेले. मागणीचे काय झाले? २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

पिचडांनी राजीनामा दिला ते योग्यच केले. पद न सोडणारे पुष्कळ पाहिल्यावर त्याची किंमत अधिकच कळते. पण राजीनामा ११४ मृत्यूंनंतर येतो. त्या दुपारी कोणीही अधिकाराचा माणूस कठड्यापर्यंत चालत आला असता, कागद हातात घेतला असता, तुमचे ऐकले, आता सावकाश परत फिरा, असे म्हणाला असता, तर तेवढ्याने मागणी मान्य झाली नसती. माणसे मात्र घरी गेली असती. जबाबदारी या शब्दाशी आपण नेहमी शिक्षा, राजीनामा, ठपका जोडतो. माझ्या मते तिचा मोठा भाग अपघात होण्याआधीचा आहे आणि तो अगदी साध्या कामांचा आहे: वेळेवर जाणे, समोर उभे राहणे, लोकांना काय चालले आहे ते सांगणे. सत्तेत बसलेल्याला हे लागू आहे. मोर्चा आणणाऱ्यालाही आहे. पाच हजार माणसे बोलावली तर पाणी कुठे मिळेल, बाळंतिणी आणि म्हातारी माणसे कुठे बसतील, गर्दी वाढली तर कोणत्या गल्लीने बाहेर काढायचे, मागच्या टोकापर्यंत निरोप कोण नेणार, हे पुढाऱ्याला भाषणाआधी ठाऊक असले पाहिजे. पोलिसांवर विसंबून हे होत नाही, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

१९२३ च्या तुकड्यांत दहा-वीस माणसे असत आणि प्रत्येकाचे नाव लिहिलेले असे. १९९४ च्या मोर्चात हजारो होते. आकडा मोठा दिसावा यासाठी आज जी चढाओढ चालते, तिची मला काळजी वाटते. वर्तमानपत्रात आकडा छापून येतो, आणि त्या आकड्यातल्या माणसाला रात्री परतायची गाडी मिळाली का, हे विचारणारे कोणी नसते.

शेवटचे प्रकरण कोर्टाच्या तारखांवर आहे. वाचकांना ते कोरडे वाटेल, पण माझा आग्रह होता म्हणून ते घेतले गेले. १९२३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखाली मिरवणुका बंद केल्या होत्या. स्वातंत्र्यानंतरही तेच कलम चालू राहिले आणि जुलै २०२४ पासून नव्या संहितेत त्याचा क्रमांक १६३ झाला. जमावबंदी मोडली म्हणून गुन्हे नोंदवले जातात, त्यात पुढाऱ्याबरोबर आठ-दहा साध्या कार्यकर्त्यांचीही नावे असतात. पुढाऱ्याला वकील असतो, जामीन त्याच दिवशी होतो, आणि पुढे त्याच्या प्रचारपत्रकात अंगावरचे गुन्हे अभिमानाने छापलेही जातात. साधा कार्यकर्ता मात्र चार वर्षांनी पोलीस भरतीचा अर्ज भरतो, चारित्र्य पडताळणीत अडकतो आणि ज्याच्यासाठी घोषणा दिल्या त्याच्या घरी चकरा मारतो. राजकीय आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात, पण अर्ज कोणी करायचा, समितीपुढे कागद कोणी न्यायचे, याचा पाठपुरावा झाला नाही तर फाइल पडून राहते. हे काम पुढाऱ्याचे आहे. आंदोलनानंतर तीन वर्षांनी आपल्या बरोबरच्या मुलाच्या तारखेला न्यायालयाच्या व्हरांड्यात येऊन उभा राहणारा पुढारी मी पाहिला आहे, आणि त्याच्या गावात त्याच्याबद्दल बोलताना माणसांचा आवाज कसा बदलतो तेही ऐकले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे की या पुस्तकाबरोबर एक वही ठेवावी. मोर्चाला येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, वय आणि घरच्याचा फोन तीत निघण्याआधी लिहावा. कोणाला साखर आहे, कोणाच्या कडेवर मूल आहे, हेही लिहावे. गुन्हा नोंदवला गेला तर त्याचा क्रमांक, पोलीस ठाणे आणि पुढची तारीख त्याच पानावर टिपावी. वकील कोण, त्याची फी कोण देणार, हे स्टेडियमवर जमण्याच्या आदल्या आठवड्यात ठरवावे. आणि शेवटची तारीख संपेपर्यंत ती वही दुसऱ्या कोणाच्या हवाली करू नये.